आत घेतलेल्या ओळी

डॉक्टरीणबाईंच्या हातचा तो कागद मी फाडून टाकलेला नव्हता. चौकशीच्या दिवशी तो माझ्याजवळच होता, टायपिंगच्या सरावाच्या पुस्तकात, मधल्या पानांत, घडीसुद्धा न घातलेला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही, आणि प्रार्थनेत गुडघ्यावर असतानाही नाही, कारण तिथंही मी ‘माझे अपराध’ असं मोघम म्हणून पुढे सरकत आलो. आता पन्नाशी उलटली आहे. वडील ज्या वयात गेले त्याच्याही पुढे मी आलो. यापुढे मोघम बोलून चालणार नाही असं वाटतं, म्हणून हे प्रकरण लिहितो आहे.

आमचा दवाखाना नगरहून एसटीने तासाभरावर होता. त्याचं नाव लिहीत नाही. ट्रस्ट मोडला, इमारत पाडली, आता तिथं मंगल कार्यालय आहे. तेव्हा तीस खाटा होत्या, एक डॉक्टरीणबाई होत्या आणि मागच्या बाजूला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पहिली खोली आमची, तिला लागून रूथमावशीची. वडील दवाखान्याची गाडी चालवायचे. मी सातवीत असताना ते वारले आणि आई दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पहाटे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजायचा, तो कामावर हजर होण्याचा इशारा. मग पंपाच्या स्टोव्हची घरघर, सुया उकळत ठेवलेल्या डब्याच्या झाकणाची थडथड, आणि भिंतीपलीकडून रूथमावशीचं वाचन. ती रोज सकाळी शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायची, शब्द शब्द सुटा करून, नवी वाट चालताना माणूस पाऊल टाकतो तसं. आईकडं हुलगे असले की ती शेंगोळी करायची. हाताने वळलेल्या त्या गोळ्या लसणाच्या पाण्यात रटरटू लागल्या की मावशी पातेलं घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, “वासानं आले गं, बोलावनं न्हाई आलं तरी.” आई म्हणायची, “तुला कवा बोलावनं लागलंय?” तिचा मुलगा आणि मी एकाच ताटात जेवायचो. आईची रात्रपाळी असायची तेव्हा मी मावशीकडेच झोपलो आहे. हे सगळं लिहायला बरं वाटतं. म्हणूनच इथं जास्त थांबत नाही.

रूथमावशी सातवी पास. नर्सिंगचं शिक्षण तिनं कुठल्या शाळेत घेतलं नव्हतं. जुन्या मोठ्या सिस्टरच्या हाताखाली, याच दवाखान्यात ती शिकली आणि वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात राहिली. आसपासच्या दहा गावांतली पोरं तिच्या हातांत आली होती. वाचताना मात्र ती ओळीखाली बोट धरायची आणि ओठ हलवायची. मी चिडवायचो, “मावशी, बोट काढ की. कागद काय पळून जातोय?” ती म्हणायची, “आक्षर लई चपळ आसतंय बाबा. तुज्यावानी शिकलेलं न्हाई मी. नीट धरावं लागतं.” वॉर्डात लिहिलेलं एवढं मन लावून वाचणारी ती एकटीच होती. बाकीच्या सिस्टर सवयीने काम करायच्या, आणि चांगलं करायच्या.

बारावीनंतर मी नगरला मराठी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो. एका लांबट खोलीत वीस मशिनं होती आणि सगळी एकदम वाजायची. आमच्या सरांचा एकच ध्यास होता, डावा समास. “डावा समास म्हणजे भिंत,” ते म्हणायचे, “ओळंबा लावल्यासारखी पाहिजे. परीक्षक वाचत नाही रे, परीक्षक लांबून बघतो.” परिच्छेदाची पहिली ओळ पाच घरं, म्हणजे पाच अक्षरांची जागा सोडून, आत घ्यायची, बाकी एकही ओळ आत-बाहेर दिसली तर सर पट्टी ठेवून दाखवायचे आणि कागद परत द्यायचे. मुद्दे असतील तर आकडे घालायचे आणि आकडे एकाखाली एक आले पाहिजेत. मला हे आवडायचं. घरात वडील नाहीत, छपराला भोकं, आई दिवसभर दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापते आणि आपल्या हातून निघणारा कागद मात्र असा सरळ, स्वच्छ. मी मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत केंद्रात पहिला आलो. त्या प्रमाणपत्रावर दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी मला कचेरीत टायपिस्ट म्हणून घेतलं. आईने शेंगोळी केली. रूथमावशीने माझी बोटं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, “ह्या बोटांनी कुनाचं वाईट लिवू नको.”

कामाला लागून तीनेक महिने झाले असतील, व्यवस्थापकांनी डॉक्टरीणबाईंच्या हस्ताक्षरातले सात-आठ कागद माझ्यासमोर टाकले. वॉर्डातल्या सूचना होत्या. कुठल्या आजारात काय करायचं ते बाईंनी सिस्टरांसाठी मराठीत लिहून काढलं होतं. “टाइप कर, पाट्यांवर चिकटवायचेत,” व्यवस्थापक म्हणाले. “आणि हे बघ, एकेक सूचना अर्ध्या पानात बसव. पाट्या लहान आहेत.” बाईंची लिहिण्याची एक पद्धत होती. जे सगळ्यांना लागू ते समासाला लावून. जे एखाद्या अटीवर अवलंबून ते त्या अटीच्या खाली, दोन बोटं आत. म्हणजे साखरेच्या आजाराच्या कागदावर समासाला लिहिलं होतं, दर सहा तासांनी लघवी तपासावी. त्याखाली, समासालाच, रंग विटकरी आल्यास. त्या काळी लघवीत निळं औषध घालून उकळायचे. साखर नसली तर निळंच राहायचं, थोडी असली तर हिरवं, फार असली तर विटेसारखं लाल. तर या ‘विटकरी आल्यास’च्या खाली, दोन बोटं आत, तीन ओळी होत्या: डॉक्टरांना कळवावे, इन्सुलिन दहा युनिट द्यावे, अर्ध्या तासाने जेवण द्यावे. आणि मग पुन्हा समासाला, पायाची जखम रोज पाहावी. त्या तीन ओळी आत होत्या म्हणून त्या विटकरी रंगाच्या होत्या. रंग तसा आला नाही तर त्या ओळी वाचायच्याच नव्हत्या.

मला तो कागद अव्यवस्थित वाटला. आमच्या मशीनचा टॅब मोडलेला होता, प्रत्येक ओळ आत घ्यायची तर मोजून स्पेसबार मारावा लागे, आणि तेवढं करून मजकूर अर्ध्या पानात बसेना. पण खरं सांगायचं तर ही कारणं नंतरची. तेव्हा मी फक्त ती वाकडीतिकडी कड पाहिली आणि ती सरळ केली. ‘रंग विटकरी आल्यास’ आणि ‘डॉक्टरांना कळवावे’ या दोन ओळी जोडून एक केली. आकडे घातले. एक, दर सहा तासांनी लघवी तपासावी. दोन, रंग विटकरी आल्यास डॉक्टरांना कळवावे. तीन, इन्सुलिन दहा युनिट द्यावे. चार, अर्ध्या तासाने जेवण द्यावे. पाच, पायाची जखम रोज पाहावी. पाच आकडे एकाखाली एक, भिंत सरळ. बाई घाईत होत्या, त्यांनी लांबूनच पाहून “छान” म्हटलं आणि सही केली. बाकीचे मूळ कागद मी परत दिले. हा एक सपाट राहावा म्हणून सरावाच्या पुस्तकात ठेवला होता, तो तिथंच राहिला.

आता मी कॉम्प्युटर शिकवतो. टायपिंगची मशिनं गेली तेव्हा दुसरं काही येत नव्हतं म्हणून त्यात शिरलो, आणि पोटाला त्यानेच दिलं. प्रोग्राम लिहायच्या पूर्वीच्या भाषांत कंस घालावे लागत. ओळ आत घेतली काय, बाहेर ठेवली काय, मशीनला फरक पडायचा नाही, आत घेणं हे फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असायचं. आता जी भाषा सगळीकडे शिकवतात तिच्यात कंस नाहीत. अटीखालची ओळ चार घरं आत असली तर ती त्या अटीची, नसली तर सगळ्यांची. पोरं वैतागतात. मागच्या महिन्यात राहुरीची एक मुलगी म्हणाली, “सर, एररच येत नाहीये. प्रोग्राम मस्त चालतोय, फक्त उत्तर चुकतंय.” मी मागून पाहिलं तर तिची एक ओळ अटीच्या बाहेर आली होती आणि प्रत्येक वेळी चालत होती. शेजारचा मुलगा म्हणाला, “एवढ्याशा जागेनं काय होतंय सर?” वर्ग हसला. मी खडू ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर गेलो.

पाट्या लागल्यावर दोन महिने काहीच झालं नाही, कारण त्या कुणी वाचल्याच नाहीत. जनरल वॉर्डाच्या सिस्टर आधीपासून करत होत्या तसंच करत राहिल्या, आणि ते बरोबर होतं. मग त्यांतली एक बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी रूथमावशीला पाठवलं. बाईंनी मूळ कागद लिहिले तेव्हा सगळ्या सिस्टरांना एकदा बसवून, कागदावर बोट ठेवून समजावलं होतं. मावशी त्या वेळी होती. पण वॉर्डात गेल्यावर तिने पाटी पाहिली, ओळीखाली बोट धरून वाचली, आणि ती पाटी म्हणेल तसं करायचं ठरवलं.

अकरा नंबरच्या खाटेवर जामखेडकडची एक बाई होती. चाळिशीची. पायात बाभळीचा काटा मोडून पाय सडला होता, आणि साखरेचा आजार. सोबत तिची मुलगी होती, असेल पंधरा-सोळाची. पहिले दोन दिवस रंग विटकरी आला, इन्सुलिनची सुई दिली, ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी बाईला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई दोन दिवसांसाठी पुण्याला गेल्या होत्या. मावशीने तपासलं, रंग हिरवा आला. वहीत तिने ‘हिरवा’ लिहिलं, आणि पाटीवरच्या तीन नंबरप्रमाणे सुई दिली. सहा तासांनी रंग निळा. वहीत ‘निळा’ लिहिलं. सुई दिली. चार नंबरप्रमाणे जेवण मागवलं. आई ताट घेऊन गेली आणि तसंच परत घेऊन आली. दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा ती म्हणाली, “अकरा नंबरची काय खाईना बाबा. सकाळपास्नं दोनदा ताट फिरलं. पोरगी तेवढी कोरडी भाकर चावतीय.” मी “हं” म्हणालो. मला त्याचा काहीच अर्थ लागला नाही. आईलाही नाही. ती बाई दुपारभर घामाघूम होऊन पडून राहिली, मुलीला वाटलं झोप लागली, ती पदराने वारा घालत बसली. संध्याकाळी तिला झटके आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिचा नवरा टेम्पो घेऊन आला. मृत्यूचा दाखला मीच टाइप केला होता, मीच त्याच्या हातात दिला. तो कागद उलटा-सुलटा बघून त्याने खिशात घातला आणि मला म्हणाला, “लई केलं तुमी लोकांनी. तिचं भरलंच हुतं म्हनायचं.” मुलगी टेम्पोत आईच्या डोक्याशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई परत आल्या, वही पाहिली, आणि ती घेऊन व्यवस्थापकांकडे गेल्या. कचेरीत त्यांचा आवाज ऐकू येत होता, “हिरव्यावर सुई? निळ्यावर सुई? पोट रिकामं आणि वर इन्सुलिन! साखर पार उतरली म्हणून गेली ती.” मी खुर्चीवर बसल्या जागी सरावाचं पुस्तक उघडलं, कागद काढला आणि टाइप केलेल्या प्रतीशेजारी ठेवला. मला कळायला वेळ लागला नाही. जेवढा वेळ कागद सरळ करायला लागला होता, तेवढाही नाही.

तीन दिवसांनी चौकशी झाली. सकाळी अकरा वाजता, कचेरीत. बाई, व्यवस्थापक, ट्रस्टचे दोन वयस्कर सभासद, जनरल वॉर्डाची दुसरी सिस्टर, आणि टेबलासमोर उभी रूथमावशी. जबाब लिहून घ्यायला मी कोपऱ्यात मशीनवर. मांडीवर सरावाचं पुस्तक होतं, त्यावर मी टिपणाची वही ठेवली होती. आधी दुसऱ्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, “आमाला कळतंय की. लाल आला तरच सुई. लहान पोरगंबी सांगंल.” मग पाटी काढून टेबलावर ठेवली.

“वाचता येतं ना तुम्हाला?” व्यवस्थापकांनी मावशीला विचारलं.

“येतं साहेब. म्हनून तर वाचून केलं.”

“दोन नंबरला विटकरी लिहिलंय. तीन नंबर त्याच्याच पुढचा नाही का?”

“तीन नंबर येगळा हाय साहेब. मला वाटलं नवी पद्धत आली आसंल. पहिलं लाल आल्यावरच देयाचं हुतं, मला ठावं हाय. बाईंच्या हातच्या कागदावर ती वळ आत हुती.”

“आत म्हणजे कुठं? कपाटात?” एक सभासद म्हणाला, आणि दुसरा हसला. दुसरी सिस्टरही हसली, पदर तोंडाला लावून.

मावशीने टेबलावर बोट टेकवलं. “ही आशी समासाला. आन् सुईची ही अशी, आत. पायरी उतरल्यावानी. बाईंनी बोट ठिवून दाखवलं हुतं.” तिने ते दोनदा करून दाखवलं. रिकाम्या लाकडावर एक बोट, मग दुसरं, थोडं उजवीकडे.

डॉक्टरीणबाई कपाळ धरून बसल्या होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, “मी कसं लिहिलं होतं ते मला शपथेवर सांगता येणार नाही. मूळ कागद आहे का?” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“नाही बाई,” मी म्हणालो. “टाइप झाल्यावर फाडला.”

“काही बदललं होतंस?”

“एकही शब्द बदललेला नाही.”

हे दुसरं वाक्य खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच मला ते न अडखळता म्हणता आलं, आणि त्याच्या जोरावर पहिलंही खरं वाटलं. रूथमावशीने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, हे लिहिलं पाहिजे. मी जे म्हणालो त्यावर तिने विश्वास ठेवला, पाटीवर ठेवला होता तसाच. मग म्हणाली, “आसंल मंग. पोरगं खोटं कशाला बोलंल? माजाच समज चुकला आसंल.” तिचा तो जबाब मी टाइप केला. प्रत्येक परिच्छेद पाच घरं आत. खाली तिने सही केली, ओठ हलवत, अक्षर अक्षर जोडून. माझ्याच नोकरीचा प्रश्न होता असंही नाही. फार तर मला ओरडा बसला असता, एकोणीस वर्षांच्या टायपिस्टला कुणी तुरुंगात घालत नाही. मला भीती होती ती एवढीच, की सगळ्यांना कळेल मी कागद न समजता सरळ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला मी चुलीशी बसलो आणि तो कागद जाळात घातला. मागे आई उभी होती. बाईंचं अक्षर तिला ओळखू यायचं, जेवणाच्या चिठ्ठ्या त्याच अक्षरात यायच्या. कागद वळला, काळा झाला, सगळा गेला तोवर ती थांबली. मग म्हणाली, “पानी तापलं का?” मी म्हणालो, “तापलं.” पुढे पंधरा वर्षं ती जगली. त्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. पण त्या दिवसापासून तिने शेंगोळी करणं सोडलं, आणि मावशी खोली रिकामी करत होती तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मावशीला काढलं. पोलिसांपर्यंत गेलं नाही, दवाखान्याचं नाव राखायचं म्हणून. पण आसपास बातमी जायची ती गेली. ज्या बायकांची पोरं तिच्या हातांत जन्मली होती त्या तिला पाहून वाट बदलू लागल्या. तिला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कुणी घेतलं नाही. ती बेलापूरला भावाकडे गेली आणि रोजानं खुरपायला, कांदे कापायला जाऊ लागली. माझ्या ताटात जेवणारा तिचा मुलगा दहावीतून उठला आणि वीटभट्टीवर लागला. पाटी महिनाभर तशीच होती. मग एके दिवशी मी ती उतरवली, न विचारता पुन्हा टाइप केली, तीन ओळी मोजून दहा घरं आत घेतल्या, आणि परत लावली. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या कृतीला मी पुष्कळ वर्षं प्रायश्चित्त समजत होतो. तशी ती नव्हती. पुरावा मी दोनदा नष्ट केला, एवढंच त्यातून झालं.

मी मधूनमधून बेलापूरला गेलो आहे. नाताळात जातो, साडी नेतो. तिचा मुलगा मला ‘भाऊ’ म्हणतो आणि बायकोला चहा करायला सांगतो. तिची नजर गेल्यापासून सून तिला शास्त्र वाचून दाखवते. मागच्या खेपेला तिने विचारलं, “पोरांना शिकवतोस म्हनं? काय शिकवतोस?” मी म्हणालो, “कॉम्प्युटर.” ती म्हणाली, “चांगलं समजावून सांगत जा बाबा. कुनाचं समजायचं ऱ्हातं.” मी चहा संपवला आणि चार वाजताच्या गाडीने नगरला आलो.

रूथमावशी ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या मुलासमोर, सुनेसमोर आणि तिच्या चर्चमधल्या माणसांसमोर उभं राहून, ती बरोबर होती आणि मी खोटं बोललो, हे मला सांगायचं आहे. जामखेडकडच्या त्या बाईची मुलगी आता पन्नाशीला आली असेल. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, गाव शोधायला गेलो नाही. तिची आई कशाने मेली हे मला तिला सांगायचं आहे. हे लिहून होईपर्यंत यांतलं एकही मी केलेलं नाही.